एआयने केलेलं लेबल छान आलं, पण ते माझं आहे का? एका डिझाइन पॅकेजचा रिव्ह्यू

आधी स्टार सांगून टाकते, पाचपैकी दोन. ते दोन चित्रासाठी आणि काम वेळेत दिलं म्हणून. बाकीचे तीन कापले ते एका वाक्यामुळे, जे त्यांच्या जाहिरातीत सगळ्यात वर मोठ्या अक्षरात होतं, "१०० टक्के कॉपीराइट तुमच्या नावावर". कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण हेच वाक्य नंतर मी आणखी चार-पाच जणांच्या जाहिरातीत बघितलं, म्हणजे प्रश्न एका कंपनीचा नाहीच. माझ्यासारख्या घरून धंदा करणाऱ्या बायका रोज असली पॅकेज घेतायत, त्यांनी पैसे भरायच्या आधी हे वाचावं एवढंच वाटतं. मोठं झालंय, पण पूर्ण वाचा.

मी डोंबिवलीची. आठ वर्षं झाली घरून थालीपीठ भाजणी, मेतकूट, कुळीथ पीठ आणि उपवासाची भाजणी विकते. आधी नुसती प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यावर स्टेपल केलेला झेरॉक्सचा कागद, तेवढ्यावर सोसायटीत आणि ओळखीत भरपूर माल जायचा. गेल्या वर्षी ठाण्यातल्या दिवाळी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचं ठरलं तेव्हा म्हटलं आता जरा नीट पॅकिंग करूया, शेजारच्या स्टॉलवर चकाचक पाकिटं असतात आणि आपलं कागदाचं चिटोरं बघून लोक पुढे निघून जातात. एका ओळखीच्या ताईंनी ह्या कंपनीचा नंबर दिला. पॅकेज ७,५०० रुपये, त्यात लोगो, चार पाकिटांची लेबलं, व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगला टाकायची दहा चित्रं आणि शेवटी एक "ओनरशिप सर्टिफिकेट". सगळं एआयने करतो हे त्यांनी लपवलं नाही, उलट म्हणूनच स्वस्त आहे असं सरळ सांगितलं, ते मला आवडलं.

सर्व्हिसबद्दल तक्रार नाही. मी एक मोठा व्हॉइस मेसेज पाठवला, की माझ्या सासूबाईंचं माहेर चिपळूणजवळ, भाजणी त्यांच्या हातची, पाकिट बघून कोकणातलं जुनं स्वयंपाकघर आठवलं पाहिजे. चौथ्या दिवशी चित्र आलं. शेणाने सारवलेली जमीन, खिडकीतून तिरकं ऊन, हिरव्या नऊवारीतली बाई जात्यावर दळतेय, बाजूला सुपात धान्य, मागे तांब्याची कळशी, आणि सगळ्यावर एक हळदीसारखा पिवळा उजेड. खरं सांगते, बघून डोळ्यात पाणी आलं. मी लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अंगठे दिले.

फक्त सासूबाईंनी चष्मा लावून मोबाइल जवळ घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ह्याचा खुंटा मधोमध कसा? मग दाणे घालायचे कुठून?"

ज्यांनी जातं बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, जात्याच्या वरच्या दगडाला मधोमध भोक असतं, तेच त्याचं तोंड, त्यातून मूठमूठ दाणे सोडायचे, आणि खुंटा असतो कडेला, तो धरून गोल फिरवायचं. खुंटा कडेला असतो म्हणून तर दगड फिरतो. चित्रातल्या जात्याचा खुंटा बरोब्बर मधल्या भोकात उभा होता. म्हणजे त्या जात्यात दाणेही पडणार नाहीत आणि ते फिरणारही नाही. मी कंपनीला सांगितलं, त्यांनी दोनदा ट्राय केलं, एकदा खुंटा कडेला गेला तर बाईचा चेहरा बदलला, दुसऱ्यांदा जात्याचा पाटा झाला, मग प्रदर्शन जवळ आलं होतं म्हणून मीच म्हटलं राहू दे, कोण एवढं बघतंय. ३,००० स्टिकर छापून घेतले. ह्या खुंट्याचं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी कमी होती म्हणून मी बाकीचे स्टॉल बघायला निघाले. दोन रांगा सोडून एक बाई पापड, कुरडया, सांडगे घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पाकिटावर माझीच बाई. नऊवारी हिरवीच्या जागी लाल, कळशी उजवीकडची डावीकडे, नाव अर्थातच वेगळं, पण तेच तिरकं ऊन, तेच सूप, तीच मान. आणि जात्याचा खुंटा मधोमध.

मला आधी राग आला, वाटलं ह्यांनी माझं चित्र उचललं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "ताई, हे चित्र तुम्ही कुठून घेतलंत?" तर त्या बिचाऱ्या घाबरून म्हणाल्या की त्यांच्या भाच्याने असंच एक पॅकेज घेऊन दिलंय, पैसे भरलेत, सर्टिफिकेटसुद्धा आहे. त्यांनी मोबाइलमध्ये दाखवलं. कंपनी वेगळी, सर्टिफिकेटचा मजकूर जवळजवळ तोच. आम्ही दोघी त्यांच्या स्टॉलमागे बसलो, चहा मागवला, दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. दोघींकडे "१०० टक्के कॉपीराइट" आणि चित्र एकच. त्यांनी चोरलं नव्हतं आणि मीही नव्हतं.

रात्री मी कंपनीला फोन केला. तिथला मुलगा नीट बोलला, उर्मट नव्हता, पण त्याचं म्हणणं असं की "मॅडम, आम्ही तुमच्यासाठी चाळीस-पन्नास प्रॉम्प्ट (म्हणजे काय काढायचं ते टूलला सांगणारी वाक्यं) मारले, आमची मेहनत आहे, टूलच्या अटींमध्ये लिहिलंय की आउटपुट, म्हणजे तयार झालेलं चित्र, युजरचं, आम्ही ते तुम्हाला दिलं, आता टूल दुसऱ्याला तसंच देत असेल तर आम्ही काय करणार". मग मी ते सर्टिफिकेट पहिल्यांदा नीट उघडून वाचलं. एक पीडीएफ, सोनेरी बॉर्डर, मध्ये माझ्या ब्रँडचं नाव, खाली एक गोल शिक्का. सही कोणाचीच नाही. चित्र कोणी केलं त्याचं नाव नाही, कुठल्या टूलने केलं तेही नाही, किती वर्षांसाठी दिलं, कुठे कुठे वापरायला दिलं, काही नाही.

माझा मावसभाऊ वकील आहे, ट्रेडमार्कची कामं करतो, त्याच्याकडे जाऊन बसले. त्याने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते, कारण ह्या रिव्ह्यूचा खरा उपयोग तोच आहे.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक ओळ आली, कलम २(ड) मध्ये, की काम कॉम्प्युटरने तयार झालं असेल तर ज्या माणसामुळे ते तयार झालं तो त्याचा ऑथर, म्हणजे कर्ता. तेव्हा आजचं एआय कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आता ही ओळ वाचून मला वाटलं झालं की, मीच ऑर्डर दिली, माझ्यामुळेच तयार झालं. तो म्हणाला, "ताई, थांब. तू व्हॉइस मेसेज पाठवलास. टूलसमोर बसून शब्द कोणी टाइप केले? त्या मुलाने. दहा चित्रांतलं एक कोणी निवडलं? त्यानेच. मग कोणामुळे तयार झालं, तुझ्यामुळे की त्याच्यामुळे की टूल बनवणाऱ्यामुळे? आणि तो मुलगा कंपनीत पगारावर असेल तर नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालकी त्याच्या मालकाची, कलम १७. तुझा नंबर कुठे लागतो?"

आणि समजा मालकी कंपनीची धरली, तरी ती माझ्याकडे यायला कागद लागतो. कलम १९ सांगतं की कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यायचा आणि देणाऱ्याची सही हवी. तोंडी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके मॅडम" नाही, शिक्का मारलेली पीडीएफ नाही. शिवाय त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर फक्त ५ वर्षांसाठी दिला असं धरतात आणि कुठे वापरायचा ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरता. हे ऐकून मी गारच पडले, कारण ही गोष्ट एआयपुरती नाहीच, आपण वर्षानुवर्षं लोगो, फोटो, जिंगल करून घेतो आणि कोणी असला कागद बनवतच नाही. फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट पैसे देऊन काढून घेतलं तर मालक काढून घेणारा अशी सोय त्याच कलम १७ मध्ये आहे, पण लेबलवरचं चित्र पेंटिंग धरायचं की नाही ह्यावर कोर्टात वाद घालत बसण्यापेक्षा एक पान लिहून घ्यावं हे त्याचं मत, आणि आता माझंही.

बरं, एवढं करूनही मुळात त्या चित्रात कॉपीराइट आहे का हा प्रश्न उरतोच. कारण कॉपीराइट नुसत्या मेहनतीला मिळत नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने ईस्टर्न बुक कंपनीच्या केसमध्ये सांगितलंय की नुसता घाम गाळणं पुरेसं नाही, थोडी तरी स्वतःची कल्पकता पाहिजे. मग चाळीस-पन्नास प्रॉम्प्टचं काय? त्यावर भावाने अमेरिकेतल्या जेसन अ‍ॅलनची गोष्ट सांगितली. ह्या माणसाने मिडजर्नी नावाच्या एआय टूलवर केलेल्या चित्राला २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या एका मोठ्या जत्रेतल्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, त्याने कमीत कमी ६२४ प्रॉम्प्ट दिल्याचं सांगितलं, तरी तिथल्या कॉपीराइट ऑफिसने सप्टेंबर २०२३ मध्ये एआयने केलेल्या भागावरचा दावा सोडायला तयार नसाल तर नोंदणी नाही असं सांगून अर्ज फेटाळला. सहाशे चोवीस. आमच्या कंपनीतल्या मुलाचे पन्नास कुठे राहिले.

आपल्याकडचं एक उदाहरण पण आहे. दिल्लीचे अंकित साहनी ह्यांनी स्वतः काढलेला सूर्यास्ताचा फोटो आणि व्हॅन गॉगच्या चित्राची शैली एकत्र करून 'राघव' नावाच्या एआयकडून एक चित्र करून घेतलं. २०२० मध्ये आपल्या कॉपीराइट ऑफिसने त्याला नोंदणी दिली, त्यात साहनी आणि राघव दोघे सहऑथर. पुढच्याच वर्षी त्याच ऑफिसने ती मागे घेण्याची नोटीस काढली. तेच चित्र कॅनडात नोंदलं गेलं आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये नाकारलं गेलं. एक चित्र, तीन देश, तीन वेगळी उत्तरं. आणि चीनमध्ये बीजिंगच्या इंटरनेट कोर्टाने २०२३ मध्ये उलट निकाल दिला, की माणसाने प्रॉम्प्ट आणि सेटिंग बदलत बदलत आपली निवड त्यात उतरवली म्हणून चित्र त्याचं, नुकसानभरपाई ५०० युआन. मग कोणी छातीठोकपणे "१०० टक्के" कसं म्हणू शकतं? एवढंच माझं म्हणणं आहे. कायदाच अजून ठरलेला नाही तिथे तुम्ही शंभर टक्के विकताय, आणि समोर बसलेली बाई भाजणी विकून पैसे जमवते.

टूलच्या अटींचं पण सांगते, कारण "टूलच्या अटींमध्ये लिहिलंय" हे सगळेच म्हणतात. कंपनीने कुठलं टूल वापरलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून मी लोक जास्त वापरतात त्यांच्या अटी काढून मुलीला शेजारी बसवून वाचल्या. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या अटींमध्ये आउटपुट तुमचं असं आहे खरं, पण ते फक्त तुम्ही आणि ओपनएआय ह्यांच्यापुरतं, आणि कायदा परवानगी देईल तेवढंच, आणि पुढे स्वच्छ लिहिलंय की दुसऱ्या युजरला तुमच्यासारखंच आउटपुट मिळू शकतं. मिडजर्नीवर चित्रं मुळात सगळ्यांना दिसतात, लपवून ठेवायची सोय वरच्या महाग प्लॅनमध्ये. म्हणजे टूलवाले खोटं बोलत नाहीयेत. ते एवढंच सांगतात की आम्ही तुमच्याकडे हक्क मागायला येणार नाही. पण शेजारच्या स्टॉलवालीला तेच चित्र वापरायला बंदी करायचा हक्क ते कुठून देणार? आणि मला तर तोच हवा होता. चित्र वापरायला मला कोणी अडवतच नव्हतं, मला दुसऱ्याला अडवता यायला हवं होतं. हा फरक मला ७,५०० रुपये आणि ३,००० स्टिकर गेल्यावर कळला.

माझी नणंद न्यू जर्सीत असते, तिकडच्या मराठी मंडळात माझी भाजणी वाटते, तिची इच्छा की तिथे नीट पाकिटातून विकावी. तिच्यासाठी विचारलं तर तिकडे अजून कडक. स्टीफन थेलर नावाच्या माणसाने एआयलाच चित्राचा कर्ता दाखवून अर्ज केला होता, मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं की कर्ता माणूसच पाहिजे. त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या कॉपीराइट ऑफिसने रिपोर्ट काढला, त्यातही हेच, की आजच्या टूलमध्ये नुसते प्रॉम्प्ट देऊन तुम्ही ऑथर होत नाही. पण त्यात एक चांगली गोष्ट आहे. तुम्ही हाताने काढलेलं काही त्या चित्रात दिसत असेल किंवा नंतर तुम्ही स्वतः त्यात कल्पकतेने बदल केले असतील तर तेवढ्या भागाला हक्क मिळू शकतो. म्हणजे एआयला हातच लावू नका असं कोणी म्हणत नाहीये, माणसाचा हात कुठे आहे ते दाखवा म्हणतायत.

मग मी काय केलं ते सांगते. सगळ्यात आधी ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज. तिथे चित्र कोणी काढलं ह्याच्याशी घेणं नाही, ती तुमच्या मालाची ओळख आहे का एवढं बघतात. माझ्यासारख्या एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला एका क्लासची, म्हणजे मालाच्या एका गटाची, ४,५०० रुपये फी, पिठं-भाजणी क्लास ३० मध्ये येतात, नोंदणी झाली की १० वर्षं. हे मी आठ वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

दुसरं, आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी कमर्शियल आर्ट शिकली आहे. तिला म्हटलं चिपळूणला चल. सासूबाईंच्या माहेरी पडवीत अजून जातं आहे, तिने तिथे बसून स्केच केली, सासूबाईंनी तिला खुंटा धरून दळायला लावलं, ओंजळीतून दाणे कसे सोडायचे ते दाखवलं. ती म्हणाली काकू मला वाटायचं हे नुसतं गोल फिरवायचं. (आमची भाजणी गिरणीतच दळतो हो, पाकिटावर जात्यावर दळलेली असं कुठे लिहिलेलं नाही, चित्र आठवणीसाठी आहे.) तिला ९,००० दिले, आणि भावाने एक पानी करार करून दिला, तिची सही, माझी सही, चित्र कुठलं ते मागे चिकटवलेलं, मुदत कॉपीराइट असेपर्यंत, जागा सगळं जग. कॉपीराइट ऑथरच्या आयुष्यभर आणि त्यानंतर ६० वर्षं असतो, ती तर आत्ता चोवीस वर्षांची आहे. तिचं नाव चित्राखाली बारीक अक्षरात राहील हेही लिहिलंय, कलम ५७ प्रमाणे तो हक्क तसाही तिच्याकडे राहतोच, आणि मला त्याचा आनंदच आहे.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, चित्र काढलं की हक्क तयार होतो, पण नोंदणी असली की भांडणात पुरावा म्हणून उपयोगी पडते. फॉर्ममध्ये ऑथरचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व विचारतात. हा रकाना बघितला तेव्हा मला सगळं प्रकरण एकदम समजलं, पहिल्या चित्रासाठी मी इथे काय लिहिणार होते? ऑथर आणि अर्जदार वेगळे असतील तर ऑथरची एनओसी लागते, आणि पाकिटावर वापरायचं चित्र असेल तर आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारकडून असा दाखला घ्यावा लागतो की असं किंवा फसवेल इतकं सारखं चिन्ह कोणाचं नाहीये. अशा चित्राची कॉपीराइटची फी २,००० रुपये. वेळ लागतो, अर्ज केल्यावर ३० दिवस तर कोणाची हरकत येते का बघायलाच थांबतात.

आता पॅकेज घ्यावं का? व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, सणाच्या शुभेच्छा, मेनू कार्ड, दोन दिवसांच्या स्टॉलचा बॅनर, ह्याला जरूर घ्या, पैसा वसूल आहे, त्यांनी दिलेली कॅटलॉगची दहा चित्रं मी अजून वापरते. पण जे चित्र बघून गिऱ्हाईक तुम्हाला ओळखणार आहे, दहा वर्षं पाकिटावर राहणार आहे, ते ह्यांच्याकडून घेऊ नका, आणि घेतलंच तर आधी विचारा की कुठलं टूल, कोणी केलं, त्यात हाताने काय केलं आणि सहीचा कागद देणार का. मी हे विचारलं नव्हतं. पापडवाल्या ताईंनाही मी हेच सांगितलं, आम्ही आता फोनवर बोलतो, त्यांनी त्यांचं लेबल बदलायला घेतलंय, माझे जुने स्टिकर अजून हजारेक उरलेत.

परवा कंपनीतून मेसेज आला, की मॅडम तुमची तक्रार वर कळवली आहे, तुम्हाला नवीन डिझाइन फ्री करून देतो, नवीन सर्टिफिकेटसह. मी एवढंच लिहिलं की चालेल, पण चित्र कोण काढणार त्या माणसाचं नाव आधी कळवा, मला फॉर्ममध्ये भरायचं आहे. निळ्या टिक आल्यात, उत्तर अजून नाही.